बेडकीचा पाला आणि हुलग्याचं पीठ

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघांनी पाला वाळत घातला. एवढंच केलं. विशेष काही नाही.

सोलापूरजवळ कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत आमचं घर. मागच्या तारेच्या कुंपणावर एक वेल चढलाय. आमच्याकडं त्याला बेडकीचा पाला म्हणतात, आम्हाला औषध देणाऱ्या वैद्यबाई गुडमार म्हणतात. मी वरची पानं तोडत होतो. माझी बायको सुभद्रा खाटेवर बसून निवडत होती. तिचा हात बिडी वळणारीचा. जन्मभर तेंदूचं पान बोटात, त्यामुळं हे पानही ती पालथं करून, शीर बघून, किडकं बाजूला टाकून निवडायची.

मी म्हणालो, "कारखान्यात माल द्यायचाय का काय ह्यो?"

ती म्हणाली, "तुमी वरनं तोडा की गप. खालचं मला कळतंय."

मग जुनी चादर काढली. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. झटकली, अंगणात अंथरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले, पाला पसरला. आत जाता जाता ती म्हणाली, "सांच्याला आत घ्या, न्हायतर वारं नेतंय."

संध्याकाळी ती नव्हती. पाला शेजारणीनं आत घेतला.

*

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं मागावर गेलो आणि टॉवेल विणता विणता केस पांढरे झाले. लिहायची सवय नाही. पण वैद्यबाईंच्या दवाखान्यात बाकावर बसलो की शेजारचा माणूस विचारायचा, "बाबा, या पाल्यानं खरंच गुण येतो का?" आणि सुभद्रा गेल्यावर जो भेटायला यायचा तो म्हणायचा, "त्या पाल्यानंच गेली न्हवं?" दोघांनाही सांगून सांगून मी दमलोय. म्हणून एकदाच लिहून टाकतो. ज्याच्या घरात साखरेचा आजार आहे, ज्याचं अंग सुटलंय, त्यानं वाचावं. औषधाचं माप मला विचारू नये. ते माझं काम नाही.

एक आधीच सांगतो. साखर मलाही आहे. सुभद्रा गेली त्या दिवसापासून मी माझ्या गोळ्या, चूर्ण, चालणं सगळं सोडून दिलं होतं. पोरगी म्हणायची, "आबा, घ्या." मी म्हणायचो, "कशाला?" तेराव्यापर्यंत घरात दुसरा विषय नव्हता. मी पुन्हा गोळीला हात लावणार की नाही, एवढंच पोरीला बघायचं होतं. आणि मला खरंच माहीत नव्हतं.

*

साखर आम्हाला बिडीच्या दोऱ्यानं कळली.

सुभद्रा अंगानं जड. बसून काम. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, सकाळपासून दिवस कलेपर्यंत. उठायचं म्हटलं की आधी भुईला हात, मग एक गुडघा, मग दुसरा, मग देवाचं नाव. मी चेष्टा करायचो, ती शिव्या द्यायची. आमचं चाललं होतं.

मग तिच्या बिड्या परत यायला लागल्या. बिडी वळून झाली की टोकाला दोरा बांधतात. तिचा दोरा ढिला राहायला लागला. माल तपासणारा म्हणाला, "मावशी, ध्यान कुटं हाय तुमचं?" ती घरी येऊन लई चिडली. त्याला काय कळतंय म्हणाली. पण मी बघत होतो. ती दोरा ओढायची आणि बोटाकडं बघायची. दोरा बोटाला लागलाय का नाही हे तिला डोळ्यानं बघावं लागत होतं.

"मुंग्या येतात व्हय?" मी विचारलं.

"येत्यात जरा."

"कधीपासनं?"

"आता कधीपासनं म्हणून काय सांगू? मुंग्यांनी काय येताना सांगितलं व्हतं?"

सोलापूरला डॉक्टरकडं नेलं. रक्त तपासायचं ठरलं. रक्त काढणारा पोरगा मला म्हणाला, "आजोबा, आलाच आहात तर तुमचंही बघू." मी हात पुढं केला. संध्याकाळी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. दोघांनाही साखर. तिला जास्त, मला कमी, पण दोघांनाही.

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू. सुभद्रा माझ्याकडं बघून हसायला लागली. डॉक्टरांपुढं हसली.

"लगीन होऊन एवढी वर्सं झाली," ती म्हणाली, "आज कुटं आपली पत्रिका जुळली बघा."

डॉक्टरसुद्धा हसले. मग त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, वजन कमी करा म्हणाले. स्टँडवर आलो तर ती चहाच्या गाड्यापाशी थांबली. "ह्यो शेवटचा गोड," म्हणाली आणि साखर जास्त सांगितली. बशीत ओतून सावकाश प्यायली. चहावाल्याला पैसे मात्र ती दोनदा द्यायला निघाली. आता मला कळतं, ती सकाळपासून घाबरलेली होती आणि हसणं माझ्यासाठी होतं.

*

गोळ्या चालू झाल्या, पण वजन हलेना आणि बोटाच्या मुंग्या जाईनात. वसाहतीतल्या एका बाईनं वैद्यबाईंचं नाव सांगितलं. सोलापुरातल्या जुन्या गल्लीत, वर मागांचा खडखडाट, खाली त्यांचा दवाखाना. बाई अक्कलकोटकडच्या. मराठी बोलतात, मधेच कानडी. मला अज्जा म्हणायच्या, हिला अज्जी.

पहिलं वाक्य, "जीभ दाखवा." प्रत्येक वेळेला. तुम्ही काय दुखतंय सांगायला तोंड उघडलं की आधी जीभ. मग नाडी. मग खाण्यापिण्याचं इतकं विचारायच्या की विहीणसुद्धा विचारणार नाही.

"माझ्याकडं जादू नाही, अज्जी," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. माझं औषध त्याच्या जोडीला. आणि औषधापेक्षा जास्त तुमचं काम आहे."

काम म्हणजे काय? रात्री त्रिफळा. भात बंद, जवाची भाकरी, ताक, भाज्या. सकाळ-संध्याकाळ चालणं. आणि आंघोळीआधी हुलग्याचं पीठ. हुलगे भाजून दळायचे आणि ते कोरडं पीठ अंगाला चोळायचं, खालून वर, केसाच्या उलट्या दिशेनं. तेल नाही, पाणी नाही.

"पाठीला हात पोचत न्हाय की बाई," सुभद्रा म्हणाली.

"मग अज्जा कशाला आहेत?" बाई म्हणाल्या. "यांची तुम्ही, तुमची यांनी."

सुभद्रा लाजली. या वयात. मी भिंतीकडं बघितलं.

पहिल्या दिवशी न्हाणीघरात दार लावून आम्ही चोरासारखे उभे. मी पीठ घेतलं, तिच्या पाठीला लावलं, कमरेपासून वर चोळायला लागलो. ती ओरडली, "हात हाय का घासणी ही? जीव घेताय का?"

"माग चालवलेत ह्या हातानं. लोणी न्हाय ते."

"लोणी नसंल तर नसंल, पर खरवडू तरी नका." मग थोड्या वेळानं हळूच, "लोकांना कळलं तर म्हणतील, म्हातारा-म्हातारीला परत हळद लागाय लागलीया."

मग ती माझी पाठ घासायची. हिशोब चुकता करायची म्हणा. भाजलेल्या हुलग्याचा वास अंगाला दिवसभर राहायचा. या आजारात मला काही चांगलं मिळालं असेल तर ते हे. लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांच्या अंगाला दिवसाउजेडी, सवडीनं, असा हात लावला नव्हता. दोघंही कामावर. वेळ कुठला?

*

आता पाल्याचं सांगतो, कारण चूक तिथं झाली.

सुभद्राला गोडाची ओढ लई. वैद्यबाईंनी तिला दोन पानं दिली, म्हणाल्या, चावा, तोंडात घोळवा. थोड्या वेळानं तिच्या जिभेवर साखर ठेवली. सुभद्रानं तोंड वाकडं केलं.

"वाळू हाय ही बाई! चक्क वाळू!"

मीही चावलं. खरंच. साखर तोंडात आहे, दाताखाली कचकच वाजतेय, आणि गोड म्हणून काही नाही. पाला कडवट, त्याचंही काही वाटत नाही. बाई म्हणाल्या, "गोड खावंसं वाटलं की हे चावा. गोड लागलं नाही की माणूस खात नाही." वेलाची काडी पण दिली. सुभद्रानं ती कुंपणाला लावली आणि लेकरासारखी वाढवली.

बाईंनी सांगितलं त्यात खोट नव्हती. पण आपल्याकडं माणूस गोड खातो ते काय फक्त गोड लागतं म्हणून?

आमची एकुलती पोरगी लता करकंबला दिलीय. ऊसवाल्यांचं घर. तिच्या पोराचं जावळ काढलं, जेवणावळ होती. पुरणपोळी, जिलबी. विहीणबाई स्वतः ताट घेऊन आल्या. सुभद्रा म्हणाली, "मला साखर हाय, विहीणबाय."

विहीणबाई म्हणाल्या, "एका दिवसानं काय व्हतंय? नातवाच्या जावळाला तुमी न्हाय खाल्लं तर लोक म्हणतील, करकंबकरांचं गोड आजीला चाललं न्हाय."

सगळी पंगत बघत होती. लता दारात उभी, तिचं तोंड उतरलेलं. सुभद्रानं पदराच्या गाठीतून पाला काढला, चावला, आणि ताटावर बसली. मी बघत होतो. पोळी खाल्ली, दुसरी खाल्ली, जिलबी खाल्ली. चेहऱ्यावर काही नाही. भाकरीचा शिळा तुकडा चावावा तसं.

परत येताना बसमध्ये मी म्हणालो, "अगं, एवढं कशाला खाल्लंस?"

ती म्हणाली, "मेलेली साखर हाय ती. तोंडातच मेली. गोडच लागली न्हाय तर अंगात काय जाणार?"

मला ते पटलं. खरं सांगतो, पटलं. ज्या गोष्टीची चव गेली ती गोष्टच गेली असं वाटलं. पाल्यात एवढी ताकद नसेल कशावरनं? मी आपला मागावरचा माणूस आणि ती बिडीवाली, आम्हाला कोण समजावणार?

मग लग्नसराई आली. सुभद्रा प्रत्येक लग्नाला जायची, पदराच्या गाठीत पाला. मान राखायची, पाला चावायची, बुंदी खायची. वसाहतीतल्या बायकांनाही सांगायची, "पाला चावून खा, काय व्हत न्हाय." साखर कळल्यापासून पहिल्यांदा कुणाला नाही म्हणावं लागत नव्हतं.

*

उन्हाळ्यात तिला तहान लागायला लागली. माठ संपायचा. मग उलट्या, मग बोलणं जड. रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेली. तिथली सिस्टर साखरेचा आकडा बघून मलाच म्हणाली, "बाबा, काय खायला घालत होता यांना?"

वॉर्डातले दिवस सगळे सारखे. पहाटे सुई, मग फरशी पुसणारी बाई "पाय वर" म्हणायची, मग डॉक्टरांची फेरी, मग परत सुई. मी खाटेखाली सतरंजी टाकून पडायचो. खालून मला तिचा एक हात दिसायचा, नळी लावलेला. हात हलला की मी पण हलायचो. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा स्वतःचं जेवण आम्हा दोघांत वाटायचा. त्याचं नावही मी विचारलं नाही. असे लोक भेटतात, एवढं लक्षात ठेवा, तुमच्यावर ही वेळ आली तर.

सांगोल्याहून मेव्हणा आला, नामदेव. सुभद्राचा धाकटा भाऊ. डाळिंबाची बाग सोडून आला होता, त्यामुळं आधीच वैतागलेला.

"दाजी, त्या वैद्यिणीनंच अक्काची ही दशा केली. तो पाला आधी उपटून टाका."

लता म्हणाली, "मामा, पाल्याचं न्हाय. आमच्या दारात आईनं जिलबी खाल्ली ना."

"मग जिलबी कुणी वाढली?"

लता रडायला लागली. मी दोघांना म्हणालो, "बाहेर जाऊन भांडा." वरून खाटेवरनं आवाज आला, बारीक, "भांडू द्या की. निदान कुणी तरी बोलतंय."

तेव्हा मला कळलं ती वाचणार.

घरी आल्यावर मी तिला घेऊन वैद्यबाईंकडं गेलो. भांडायलाच गेलो होतो म्हणा. सगळं सांगितलं, पदराची गाठ, जावळ, लग्नं. बाई ऐकत राहिल्या. मग डोक्याला हात लावला.

"अय्यो, अज्जी! पाल्यानं जीभ झोपवली. साखर नाही मारली. ती आत गेलीच की सगळी. रक्ताला काय जीभ आहे का?" मग म्हणाल्या, "मी हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. मला वाटलं, गोड लागलं नाही तर कोण खाईल?"

सुभद्रा म्हणाली, "तुमाला विहीण न्हाय वाटतं."

तिघंही हसलो. भांडण राहून गेलं.

*

त्यानंतरचे दिवस बरे गेले. दवाखान्यातून साखरेचं इंजेक्शन सुरू झालं, ते लता सिस्टरकडनं शिकून घरी आम्हाला शिकवून गेली. वैद्यबाईंचं चूर्ण, जवाची भाकरी, सकाळी फाट्यापर्यंत चालणं. पाला फक्त घरात, चहाच्या वेळेला. लग्नाला गेली की सुभद्रा सरळ म्हणायची, "मला मारायचं असलं तर वाढा." वाढणारा पुढं जायचा. वजन उतरलं. एवढं उतरलं की भुईवरनं उठताना देवाचं नाव घ्यायचं विसरायला लागली. बोटाच्या मुंग्या मात्र गेल्या नाहीत. काही गोष्टी परत येत नाहीत. लवकर तपासून घ्या, एवढंच माझं सांगणं.

आम्हाला वाटलं, जिंकलो.

त्या रविवारी पाला वाळत घालून ती आत गेली आणि भाकरी टाकायच्या ऐवजी भिंतीला टेकून बसली. घाम आलेला. म्हणाली, "जबडा दुखतोय. पित्त झालंय वाटतं." मी ओवा दिला. छातीत दुखतं का विचारलं, नाही म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "दम लागतोय, अवं." मग मी रिक्षा बोलावली. दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध होती. रिक्षात म्हणाली, "पाला आत घ्यायचा राह्यला तर?" मी म्हणालो, "पाल्याला काय हुतंय?" हे आमचं शेवटचं बोलणं.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. हृदय बंद पडलं म्हणाले. मी म्हणालो, छातीत तर दुखत नव्हतं. ते म्हणाले, साखरेच्या माणसाला दुखेलच असं नाही. घाम, दम, जबडा, खांदा, नुसती मळमळ, काहीही. ताबडतोब आणायचं.

म्हणून हे इथं लिहिलं. तुम्हाला माहीत असू द्या.

पाल्यानं ती गेली नाही. पाल्यानं ती वाचलीही नाही. लोकांना दोन्हीपैकी एक काहीतरी पाहिजे असतं. माझ्याकडं ते नाही.

*

आमच्यात स्मशानातून आलं की दारात कडुलिंबाचा पाला चावायला देतात. मी चावला. मग तेरावा येईपर्यंत घरात गोड नाही, फोडणी नाही. लता राहायला आली होती. रोज सकाळी गोळी आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवायची. गोळी तशीच राहायची. ती उचलून परत डबीत टाकायची. भांडायची, रडायची, परत दुसऱ्या दिवशी ठेवायची. मला राग नव्हता कुणाचा. कंटाळा होता. सकाळी उठून अंग ओढून पुढं न्यायचं, कशासाठी, हे सुचत नव्हतं.

तेराव्याला गोडाचं जेवण. सुतक संपलं, आता घर परत जगायला लागलं, असं सांगायचं जेवण. पहिला घास बायकोच्या भावानं नवऱ्याला भरवायचा, मग पंगत बसते. तोपर्यंत कुणी जेवत नाही. केली होती हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. खपली गहू, गूळ, तूप.

माझ्या मनात आलं, मला हे गोड लागणार. तोंडाला काय कळतंय? ती नाही आणि मला गोड लागणार, सगळ्यांच्या देखत. ते मला नको होतं.

मी मागच्या खोलीत गेलो. फळीवर डबा होता, त्या रविवारचा पाला वाळून त्यात भरलेला. वेलावर ताजा होता की. पण हा तिनं निवडलेला. मूठभर तोंडात घातला आणि चावला.

नामदेवनं घास पुढं केला. त्याचे डोळे लाल. "दाजी, तोंड गोड करा."

मी घास घेतला. गहू खड्यासारखा, गूळ चिखलासारखा. गिळला. पंगत बसली. कुणीतरी वाढलं, मी खाल्लं. परत वाढलं, परत खाल्लं. नको म्हणावंसं वाटलं नाही. हवं असंही वाटलं नाही. सुभद्रा करकंबला कशी जेवली असेल ते मला त्या पाटावर कळलं.

लोक गेल्यावर लतानं मला स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटलं.

"आबा, जीभ दाखवा."

"काय?"

"जीभ दाखवा म्हणते."

मी दाखवली. तिला कडेला पाल्याचा हिरवा चुरा दिसला आणि ती खाली भुईवर बसली.

"आईनं ह्येच केलं व्हतं. माझ्याच दारात. मी उभी व्हते बघत." तिचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं. "गोळी बंद, आणि वर एवढी हुग्गी. तुमाला जायचं असलं तर सरळ सांगा मला. पाल्याआड नका लपू."

"जायचं न्हाय गं," मी म्हणालो. "गोड लागाय नगं, एवढंच."

"मग गोळी का घेत न्हाय?"

मी तिच्याशेजारी बसलो. ती बोलत होती, आईचं, मामाचं, तिच्या सासूचं. मी दाढेत अडकलेला गहू जिभेनं काढत होतो. तो सुटला. पाल्याचा जोर तोवर उतरला असावा. गोड लागलं. आधी थोडं, मग पुरतं. गूळ, तूप, वेलदोडा. थांबवता येईना.

मी म्हणालो, "वेलदोडा जास्त झालाय गं."

लता रडता रडता म्हणाली, "मामीनं टाकलाय. आईनं एवढा कधी टाकला असता?"

"न्हाय," मी म्हणालो. "तिनं जायफळ टाकलं असतं."



*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लता उठायच्या आधी उठलो. सोलापूरला जाऊन उपाशीपोटी रक्त तपासायला द्यायचं ठरवलं होतं, म्हणून चहा घेतला नाही. गोळ्यांची डबी शर्टाच्या खिशात घातली आणि शर्ट खुंटीला लावला. वैद्यबाईंनाही सांगायचं राहिलं होतं, सुभद्रा गेली म्हणून.

न्हाणीघरात हुलग्याच्या पिठाचा डबा तिथंच होता. तिनं भाजून दळून ठेवलेलं, अर्ध्याच्या वर. मी पाटावर बसलो. पाय चोळले, खालून वर. मांड्या, पोट, हात, मान. खरखरीत हात, ती म्हणायची तसेच. पाठीला हात पोचेना. डावा वरून घातला, उजवा खालून घातला, नाही पोचला.

मग दोरीवरचा टॉवेल काढला. चांगला लांब होता, कधीतरी मीच विणलेला. त्यावर पीठ पसरलं आणि पाठीमागं टाकला. निम्मं पीठ तिथंच सांडलं. दोन्ही टोकं माझ्याच हातात होती. एक ओढलं, मग दुसरं ओढलं, कमरेपासून वर, केसाच्या उलट्या दिशेनं, बाहेर लताची चूल पेटल्याचा वास येईपर्यंत.